माप कोण घेतं, शिलाई कोण करतं?

शेजारचा साडेतीन वर्षांचा मुलगा काकाला ‘ताता’ म्हणतो आणि गाडीला ‘दाडी’. वर्षभर घरात या बोबड्या बोलांचं कौतुक झालं. मग बालवाडीच्या बाई म्हणाल्या, “एकदा दाखवून घ्या.” डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून पंधरा मिनिटं चाललं, तर स्पीच थेरपीच्या तीन-चार पाट्या सहज दिसतात. त्यातली एक निवडून आई आणि आजी मुलाला घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी एका मॅडमनी पाऊण तास तपासलं, खूप प्रश्न विचारले, भराभर लिहून घेतलं. दुसऱ्या भेटीपासून मात्र समोर एक वेगळीच तरुण मुलगी. तिच्याकडे साबणाच्या फुग्यांची बाटली आणि चित्रांची चळत. मुलगा खूश. आजी मात्र घरी येताना विचारत राहिली, “पहिल्या दिवशीच्या मॅडम गेल्या कुठे? आणि ही कोण?”

काउंटरवर उत्तर मिळालं होतं, “आजी, इथे सगळ्या थेरपिस्टच आहेत.”

आजीचा प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर ठरवण्यासाठीच जगातल्या अनेक सरकारांनी कायदे केले आहेत. थेरपिस्ट कोण, सहायक कोण, सहायकाने काय करायचं, काय करायचं नाही आणि तिच्या कामावर नजर कोणी ठेवायची, हे समजून घ्यायचं तर आधी थेरपीच्या टेबलावर नेमकं काय चालतं ते पाहावं लागेल.

तोंडातला नकाशा

‘क’ म्हणून पाहा. जिभेचा मागचा भाग वर उचलला जाऊन मऊ टाळूला टेकतो. आता ‘त’ म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. आपली वर्णमाला म्हणजे या जागांचा नकाशाच आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. ‘क’ची ओळ घशाकडून सुरू होते आणि ‘प’ची ओळ ओठांवर येऊन थांबते. शाळेत आपण ती घोकली, पण ती तोंडात मागून पुढे येते हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

‘काका’चा ‘ताता’ करणारं मूल मागची जागा सोडून पुढची जागा वापरतं. दोन-अडीच वर्षांच्या पुष्कळ मुलांत हे दिसतं आणि साडेतीन-चारच्या सुमाराला बहुतेकांचं आपोआप सुटतं. सुटलं नाही तर शिकवता येतं. एक जुनी युक्ती म्हणजे जिभेचं टोक स्वच्छ बोटाने किंवा चपट्या लाकडी पट्टीने अलगद खाली धरायचं आणि मुलाला आवाज काढायला लावायचा. टोक अडकलं की जीभ नाइलाजाने मागून उठते आणि मुलाच्या तोंडून पहिल्यांदा ‘क’ बाहेर पडतो. तो निघाला म्हणजे काम संपलं असं नाही. आधी नुसता ‘क’, मग ‘का’, मग ‘काका’, मग ‘काका आले’, आणि शेवटी खेळताखेळता, विसरून बोलतानाही ‘काका’. या प्रत्येक पायरीवर शेकडो वेळा घोकावं लागतं. फुगे आणि चित्रं असतात ती या घोकंपट्टीचा कंटाळा येऊ नये म्हणून.

म्हणजे कामाचे दोन भाग झाले. एक, हे मूल ‘ताता’ का म्हणतं ते शोधणं. दुसरा, ठरलेला सराव चिकाटीने करून घेणं.

माप आणि शिलाई

मोठ्या शिंप्याच्या दुकानात हे दोन भाग डोळ्यांना दिसतात. कटिंग मास्तर माप घेतो, कापडावर खडूने रेघा मारतो आणि कात्री चालवतो. मशीनवर बसलेला कारागीर शिवतो. कारागीर चांगला नसेल तर शिलाई वाकडी होईल, उसवून पुन्हा घालता येईल. पण कात्रीच चुकली, तर मशीन कितीही सरळ चालवा, कपडा अंगाला बसणार नाही.

स्पीच थेरपीतलं माप म्हणजे तपासणी आणि निदान. बोलणं उशिरा येणं किंवा अस्पष्ट असणं बाहेरून एकसारखं दिसतं, पण मुळं वेगळी असतात. कुणाला ऐकूच कमी येतं. कुणाची टाळू जन्मतः दुभंगलेली असते. कुणाला आवाज जमतात, पण भाषेचीच जुळणी जमत नाही. कुणाच्या बाबतीत स्वमग्नतेचा विचार करावा लागतो. बोबडेपणा आणि तोतरेपणा यांत आपण बोलताना गल्लत करतो, पण दोन्हींवरचे उपाय अगदी निराळे आहेत.

म्हणून पहिली पायरी बहुतेक वेळा कानांची असते. ‘ओएई’ नावाच्या चाचणीत कानात छोटं बूच ठेवून बारीक आवाज सोडतात. निरोगी आंतरकर्ण त्याला उत्तर म्हणून अतिशय क्षीण प्रतिध्वनी परत पाठवतो आणि यंत्र तो टिपतं. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८मध्ये हा प्रतिध्वनी जगासमोर आणला. ‘बेरा’ चाचणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला छोटे इलेक्ट्रोड लावून कानापासून मेंदूकडे जाणारा संदेश वाटेत कुठे अडतो ते पाहतात. या दोन्हींत बाळाने काही बोलावं किंवा हात वर करावा लागत नाही, म्हणून त्या नवजात बाळावरही करता येतात. जगभरात यासाठी एक-तीन-सहा असा सोपा नियम सांगतात: एक महिन्याच्या आत कानांची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय. घाई एवढ्यासाठी, की भाषा शिकण्याचा मेंदूचा सर्वांत सुपीक काळ पहिल्या काही वर्षांचा असतो. मुळात ऐकूच येत नसलेल्या मुलाला वर्षभर ‘म्हण काका’ करत बसवलं, तर तो काळ वाया जातो. बाहेरून मात्र सगळं नियमित चाललेलं दिसतं: फी भरली जाते आणि मूल हसतहसत येतं-जातं.

शिलाईचा भाग कमी दर्जाचा आहे असं मात्र समजू नका. आठवड्याला दोन-तीन वेळा, महिनोन्‌महिने सराव घ्यायला माणसं लागतात आणि प्रत्येक मुलाला तेवढा वेळ देणं एका तज्ज्ञाला झेपत नाही. शिवाय सहायक घरची भाषा बोलणारी असेल तर तिची किंमत आणखी वाढते. मराठीत ‘जग’ हा शब्द एकसारखाच लिहितात, पण दुनिया या अर्थी त्यातला ‘ज’ टाळूवरचा असतो आणि ‘तू जग’ म्हणताना दातांजवळचा. बाळ, खेळ, केळं यांतला ‘ळ’ तर ज्याच्या कानावर लहानपणापासून पडलाय त्यालाच पटकन पारखता येतो. पुस्तकात वाचून हा कान तयार होत नाही.

गळ्यातलं रेल्वे फाटक

या विद्येचा आणखी एक भाग आहे आणि तिथे चूक झाली तर जीवावर बेतू शकतं. गिळणं हेही स्पीच थेरपिस्टच्याच कामात येतं.

दिवा स्टेशनच्या रेल्वे फाटकाबद्दल मध्य रेल्वेच्या प्रवाशांना वेगळं सांगायला नको. रस्ता आणि रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे फाटक वेळेवर पडलंच पाहिजे. आपल्या गळ्यातही असंच आहे. हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. घास मागे गेला की स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण येतं, श्वास क्षणभर थांबतो आणि घास अन्ननलिकेत उतरतो. पक्षाघातानंतर हे फाटक उशिरा पडू लागतं किंवा अर्धवट पडतं. मग पाणी, चहा, पातळ आमटी श्वासनलिकेत शिरते. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काही रुग्णांना ठसकाही लागत नाही, अन्न गुपचूप फुफ्फुसात जातं आणि पुढे न्यूमोनिया होतो.

अशा आजोबांना काय भरवायचं, किती घट्ट, मान कशी ठेवून, की काही दिवस नळीनेच, हा निर्णय मापाचा आहे. तो चुकला, तर ‘पुढच्या वेळी नीट करू’ म्हणायची संधी मिळेलच असं नाही. म्हणूनच जिथे सहायकांचे नियम काटेकोर आहेत, तिथे गिळण्याची तपासणी त्यांच्या हद्दीबाहेर ठेवलेली असते.

नावांची वही

आता कायदा. आपल्याकडे या व्यवसायाची नोंद भारतीय पुनर्वास परिषद ठेवते. ती १९८६मध्ये एक नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली. १९९२मध्ये संसदेने तिच्यासाठी कायदा केला, १९९३मध्ये ती वैधानिक परिषद झाली आणि २०००मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य हा राज्यांच्या यादीतला विषय आहे, पण वैद्यकीय आणि इतर व्यवसाय घटनेच्या समवर्ती यादीत येतात. त्यामुळे संसदेला देशभरासाठी एकच कायदा करता आला. डोंबिवलीतल्या थेरपिस्टला जो नियम, तोच डिब्रुगढच्या थेरपिस्टला.

कायद्याचा गाभा म्हणजे एक वही, केंद्रीय पुनर्वास नोंदवही. मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका असेल तर या वहीत नाव चढतं आणि क्रमांक मिळतो. नाव वहीत नसेल, तर कायद्याप्रमाणे सरकारी किंवा पालिकेच्या संस्थेत या पदावर काम करता येत नाही, देशात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९९२मध्ये हजार रुपयांना काही वजन होतं. आज दोन-तीन सेशनच्या फीमध्ये ते भरून निघतं.

वहीत कोणत्या विद्येचे लोक असतात? स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) होण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे बीएएसएलपी ही पदवी: बारावीनंतर चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आपल्या परिसरात हे शिक्षण जुनं आहे. वांद्रे रेक्लमेशनला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ९ ऑगस्ट १९८३ला स्थापन झाली. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही या विषयाचं जुनं विद्यालय आहे.

सहायकांसाठी डीएचएलएस नावाची पदविका आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ती शिकवते. बारावीनंतर साधारण वर्षभराचा हा अभ्यासक्रम आहे. कानांची प्राथमिक चाचणी करणं, श्रवणयंत्राच्या वापरात मदत करणं, तज्ज्ञाने आखून दिलेला सराव घेणं, अशा कामांसाठी तो माणसं तयार करतो. अमेरिकेत ज्यांना ‘स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी असिस्टंट’ म्हणतात, त्यांच्या सर्वांत जवळचं आपल्याकडचं रूप हेच. चार वर्षांची पदवी आणि वर्षाची पदविका दोन्ही मान्य आहेत, दोन्हींची नोंद होते, पण दोन्हींचं काम एक नाही. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

२०२१मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, लॅब तंत्रज्ञ असे दहा गट आहेत आणि राज्यांना आपापल्या परिषदा स्थापन करायच्या आहेत. पण वाक् आणि श्रवण हा विषय त्या यादीत घेतला गेला नाही. तो पुनर्वास परिषदेकडेच राहिला.

नजर किती ठेवायची?

अमेरिकेत व्यवसायांचे परवाने हे राज्यांचं काम असतं. त्यामुळे या सहायकांबाबत प्रत्येक राज्याची रीत वेगळी. टेक्सास त्यांना परवाना देतं, कॅलिफोर्निया त्यांची नोंदणी करतं. ब्रिटनमध्ये आणखी तिसरीच तऱ्हा: तिथे ‘स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव आहे, पण सहायकांची सक्तीची नोंदणी नाही. त्यांची जबाबदारी थेरपिस्टवर आणि नोकरी देणाऱ्या संस्थेवर.

अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘आशा’. आपल्याकडे आशा म्हटलं की घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आठवतात, म्हणून गंमत वाटते. या संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक पत्रकात नजर ठेवण्याचंही माप दिलं होतं. सहायकाच्या कामाच्या पहिल्या ९० दिवसांत तिच्या किमान ३० टक्के कामावर तज्ज्ञाची देखरेख हवी, आणि त्यात एकूण कामाच्या किमान २० टक्के भागावर समोर बसून किंवा थेट पाहून. सहायकाने निदान करायचं नाही, उपचाराची उद्दिष्टं स्वतः बदलायची नाहीत, स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. २०२०मध्ये याच संघटनेने सहायकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र सुरू केलं.

आपल्या १९९२च्या कायद्याची जमेची आणि उणी बाजू इथे एकत्र दिसते. हा कायदा माणूस तपासतो: वहीत नाव आहे की नाही. पण माणसांमधलं नातं तो मोजत नाही. एका थेरपिस्टच्या हाताखाली किती सहायक असावेत, तिने महिन्यातून किती वेळा त्यांचं काम पाहावं, योजना बदलायची ती कोणी, यासाठी त्यात मोजपट्टी नाही. कटिंग मास्तर आणि कारागीर दोघांची नावं वहीत आहेत. मास्तर दुकानात येतो का, हे वही सांगत नाही.

गुमास्ता आणि बॅज

भिंतीवर टांगलेल्या कागदांवरूनही आपली फसगत होते. फ्रेममधला गुमास्त्याचा कागद दुकान म्हणून जागेची नोंद झाल्याचं सांगतो, आत बसलेल्याच्या विद्येबद्दल काहीच नाही. महाराष्ट्राचा १९४९चा नर्सिंग होम कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. दोन खोल्यांत फक्त थेरपी देणारं केंद्र त्याच्या कक्षेत येत नाही. कार्यशाळेला हजेरी लावल्याची रंगीत प्रमाणपत्रं छान दिसतात, पण ती पदवीची जागा घेत नाहीत.

रिक्षावाल्याच्या बाबतीत आपण किती जागरूक असतो! बॅज नाही, मीटरवर येत नाही, शेअरमध्ये चौथी सीट घेतो, यावर स्टँडवर भांडणंही होतात. तो आपल्याला दहा मिनिटं नेणार असतो. ज्या व्यक्तीच्या हाती आपण मुलाची वाचा वर्षभर सोपवतो, तिला मात्र नोंदणी क्रमांक विचारायला आपल्याला संकोच वाटतो. हा क्रमांक विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. ज्यांच्याकडे तो आहे, ते बहुधा अभिमानाने सांगतात.

> चौकट: पहिल्या भेटीत विचारायचं
>
> • तपासणारी व्यक्ती कोण? पदवी, तसंच पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा तारीखही पाहा.
>
> • ऐकण्याची चाचणी झाली का? बोलण्याची तक्रार असेल, तर कानांची तपासणी आधी.
>
> • रोजचा सराव कोण घेणार? सहायक असेल तर उत्तमच. तिची पदविका आणि तिला योजना आखून देणाऱ्याचं नाव मात्र माहीत हवं.
>
> • मूळ तज्ज्ञ पुन्हा कधी पाहणार? ‘गरज पडली तर’ हे उत्तर पुरेसं नाही. तारीख मागा.
>
> • उद्दिष्ट लेखी आहे का? ‘तीन महिन्यांत शब्दाच्या सुरुवातीचा क’ असं मोजता येणारं उद्दिष्ट असावं.
>
> • गिळण्याचा त्रास असेल तर भरवण्याचा निर्णय फक्त तज्ज्ञाचा.

तक्रार कुठे करायची?

विनानोंदणी व्यवसाय करणाऱ्याविरुद्ध रुग्णाने थेट न्यायालयात जाण्याची वाट या कायद्यात नाही. लेखी तक्रार परिषदेच्या वतीने व्हावी लागते. म्हणून आपलं पत्र परिषदेकडे पाठवावं, सोबत पावत्या आणि अहवाल जोडावेत. पावती घ्यायची सवय इथे उपयोगी पडते.

खाजगी केंद्राचा खर्च झेपत नसेल, तर सरकारी दारंही आहेत. मुलांमधले जन्मजात दोष आणि विकासातला उशीर लवकर शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरमधून सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाडी आणि शाळांमध्ये तपासणी करणारी पथकं याच कार्यक्रमाची. तिथे शंका आलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या त्वरित उपचार केंद्रांकडे पाठवायची सोय त्यात आहे. आणि दादरला गाडी बदलून वांद्र्याला जायची तयारी असेल, तर अली यावर जंग संस्थेत तपासणी होते.

आजीने काय केलं

पुढच्या खेपेला आजी स्वतः गेली आणि त्या तरुण मुलीलाच तिने विचारलं, “बाळा, तू काय शिकलीस?” मुलीने न अडखळता सांगितलं, “आजी, मी सहायक आहे. डिप्लोमा केलाय. योजना मॅडमची, सराव माझ्याकडे. दर चौथ्या सेशनला मॅडम बसतात, तुम्हीही या.” काउंटरवर ‘सगळ्या थेरपिस्टच’ म्हणणाऱ्याने जे झाकलं होतं, ते या मुलीने एका वाक्यात उघड केलं. झाकायचं काही कारणच नव्हतं. चौथ्या सेशनला आजी फाइल मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली.

मुलगा आता ‘काका’ म्हणतो, घाईत असला की अजून ‘ताता’. कायद्यात मोजपट्टी येईल तेव्हा येईल. तोवर ती आपल्याच हातात आहे: माप कोणी घेतलं आणि ते पुन्हा कधी घेणार, एवढं विचारूनच पहिली फी भरा.